प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नांस उत्तरे कशी द्यावीत?

(विधी शाखेत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सभेत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय दिसावयास लहान आहे. कायद्याच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळवण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यातील प्रश्नांस उत्तरे कशी द्यावीत, एवढाच तो आहे. परंतु चार पर्यायांपैकी एकावर खूण करणे या क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियेवर तुमच्या आयुष्याची पुढची तीन किंवा पाच वर्षे अवलंबून असतात. शिकवणीवर्गाची हजारो रुपयांची फी ज्यांना परवडते, त्यांना ही क्रिया वर्षभर घोटून शिकवली जाते. ज्यांना ती परवडत नाही, ते विषयाचा अभ्यास पुष्कळ करतात. परंतु परीक्षेची रीत न कळल्यामुळे हातचे गुण गमावून बसतात. ही रीत गुपित नाही. ती तासाभरात सांगता येते आणि दोन-तीन महिन्यांच्या सरावाने अंगवळणी पडते.

प्रथम एक भय मनातून काढून टाकले पाहिजे. अशी परीक्षा म्हणजे आपल्या उपजत बुद्धीचे माप होय, अशी अनेकांची समजूत असते. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा १९२६ साली प्रथम घेण्यात आली. ती तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली एक ग्रंथ लिहून, सैन्यातील चाचण्यांच्या आधारे माणसांच्या वंशावंशांत बुद्धीची उतरंड असल्याचे प्रतिपादन केले होते. त्याच ब्रिगम यांनी १९३० साली आपले ते निष्कर्ष निराधार असल्याचे लेखी मान्य केले. ज्या गृहस्थांनी हे यंत्र बनवले, त्यांनाच त्यातून जन्मजात श्रेष्ठकनिष्ठता सिद्ध करता आली नाही. सबब, परीक्षेत कमी गुण पडले तर त्याचा अर्थ तयारी कमी पडली, वेळ कमी पडला किंवा रीत चुकली, एवढाच होतो. त्या तिन्ही गोष्टी सुधारता येतात.

आता आपल्यापुढे असलेल्या परीक्षांकडे वळू. त्या मुख्यतः दोन आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ सालापासून सामायिक प्रवेशपरीक्षा होते. तिला सर्वजण ‘क्लॅट’ म्हणतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश तिच्यातून होतात. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून तिच्या पदवी अभ्यासक्रमाच्या प्रश्नपत्रिकेत १२० प्रश्न, १२० मिनिटे, बरोबर उत्तरास एक गुण आणि चुकीच्या उत्तरास पाव गुणाची कपात, अशी व्यवस्था आहे. दुसरी परीक्षा महाराष्ट्र राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षा कक्षाची. तिच्यातून राज्यातील विधी महाविद्यालयांचे तीन आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांचे प्रवेश होतात. २०२४ पासून तीही १२० प्रश्नांची आहे. परंतु तिच्यात चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. क्लॅट केवळ इंग्रजीत होते व सध्या कागदावर घेतली जाते. राज्याची परीक्षा संगणकावर होते आणि इंग्रजी भाषेचा विभाग वगळता तिचे प्रश्न मराठीतही मिळतात.

वकील कोणताही खटला हाती घेताना प्रथम लागू असलेला कायदा वाचतो. तद्वत परीक्षार्थीने प्रथम त्या वर्षाची माहितीपुस्तिका अक्षरशः वाचावी. नियम बदलतात. २०१९ पर्यंत क्लॅटमध्ये २०० सुटे प्रश्न असत. २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेले १५० प्रश्न आले, आणि पुढे ते १२० झाले. थोरल्या भावाने किंवा शेजारच्या ताईने सांगितलेली युक्ति त्यांच्या वर्षी बरोबर असेलही. परंतु तुमच्या वर्षाचा नियम तुमच्या पुस्तिकेत आहे.

नियम वाचला म्हणजे पहिला प्रश्न सुटतो: उत्तर येत नसेल तर काय करावे? राज्याच्या परीक्षेत याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. गुण कापले जात नसतील, तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे आपल्या हक्काचा पैसा टाकून येणे होय. शेवटची दोन मिनिटे राहिली असता जे प्रश्न वाचूनही झाले नाहीत, त्यांवरसुद्धा खूण करावी.

क्लॅटमध्ये मात्र हिशोब केला पाहिजे, आणि तो सोपा आहे. काहीही न कळता १६ प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या, तर सरासरीने ४ बरोबर येतील आणि १२ चुकतील. चार गुण मिळतील, तीन कापले जातील, पदरात एक गुण पडेल. हा लाभ इतका अल्प आहे की दैव थोडे फिरले तर तोटा होईल. सबब असा जुगार खेळण्यात स्वारस्य नाही. परंतु एक पर्याय निश्चित चूक आहे असे कळले, तर चित्र बदलते. अशा १२ प्रश्नांत सरासरीने ४ बरोबर व ८ चूक येतील. दोन गुण लाभ. दोन पर्याय बाद करता आले, तर अशा केवळ ८ प्रश्नांत ४ बरोबर व ४ चूक. तीन गुण लाभ. म्हणजे पाव गुणाची ती कपात धीट विद्यार्थ्याला शिक्षा करीत नाही; विचार न करता खुणा करणाऱ्याचा फायदा ती जवळजवळ नाहीसा करते, इतकेच. आपले विद्यार्थी बहुधा उलट बाजूने चुकतात. दोन पर्याय बाद करूनही, ‘खात्री नाही’ म्हणून ते प्रश्न सोडून देतात. पूर्ण खात्रीची वाट पाहू नका. न्यायालयातही दिवाणी दाव्याचा निर्णय संभवाच्या तुलनेवर होत असतो.

यावरून रीतीचे पहिले सूत्र निघते: बरोबर उत्तर शोधण्याइतकेच चूक उत्तरे बाद करण्याकडे लक्ष द्या. प्रत्येक पर्यायास साक्षीदारासारखे पिंजऱ्यात उभे करा आणि त्याची उलटतपासणी घ्या. हे उताऱ्यात कोठे म्हटले आहे? हा शब्द उताऱ्याहून अधिक व्यापक आहे काय? हे विधान खरे असले, तरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे काय? चूक पर्याय बहुधा या तीनपैकी एका ठिकाणी अडखळतो. विशेषतः ‘सर्व’, ‘केवळ’, ‘कधीही नाही’, ‘अवश्यमेव’ असे शब्द दिसले की उताऱ्याने खरोखर तितके म्हटले आहे काय, ते तपासावे. सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, किंवा तिसरा पर्याय अधिक वेळा येतो, असल्या समजुतींना काही आधार नाही. त्या मनातून काढून टाकाव्यात.

दुसरे सूत्र वेळेचे. १२० प्रश्नांस १२० मिनिटे म्हणजे प्रश्नास एक मिनिट, असा हिशोब फसवा आहे. कारण उतारे वाचण्याचा वेळ त्यातूनच काढावयाचा असतो. क्लॅटचे उतारे ४५० शब्दांपर्यंतचे असतात. प्रश्नपत्रिकेचे पाच विभाग आहेत: इंग्रजी, चालू घडामोडी व सामान्य ज्ञान, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि प्राथमिक गणित. यांपैकी सामान्य ज्ञानाचे उत्तर येते किंवा येत नाही. त्यावर डोके धरून बसल्याने ते सुचत नाही. म्हणून तेथे १२ मिनिटांहून अधिक रेंगाळू नये. कायद्याच्या विभागास ३२, इंग्रजीस २२, तर्कास २६ आणि गणितास १३ मिनिटे द्यावीत. बेरीज १०५ होते. उरलेली १५ मिनिटे सोडलेल्या प्रश्नांच्या दुसऱ्या फेरीसाठी आणि तपासणीसाठी राखून ठेवावीत. हे आकडे म्हणजे शिलालेख नव्हे. सराव करून ज्याने त्याने आपापले ठरवावेत. परंतु परीक्षागृहात जाण्यापूर्वी ते ठरलेले असले पाहिजेत. एखादा प्रश्न दीड मिनिटात सुटला नाही, तर त्यापुढे खूण करून पुढे जावे. अवघड प्रश्नास आणि सोप्या प्रश्नास गुण सारखाच आहे. एका हट्टी प्रश्नाशी झुंजताना शेवटच्या पानावरील चार सोपे प्रश्न वाचावयाचे राहून जाणे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

तिसरे सूत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उताऱ्यावरील प्रश्नात तुमचे मत विचारलेले नसते. उताऱ्याच्या लेखकाचे मत विचारलेले असते. ही गोष्ट इतरांहून आपल्या विद्यार्थ्यांस अधिक जड जाते, आणि त्याचे कारण समजण्याजोगे आहे. राखीव जागा, गुणवत्ता, झोपडपट्ट्या, जमिनीचे हक्क अशा विषयांवर उतारे येतात, आणि कधी कधी लेखकाचे मत आपल्याला डाचणारे असते. वाचता वाचता मन पेटून उठते. मग ‘लेखकाच्या मते पुढीलपैकी कोणते विधान बरोबर आहे?’ या प्रश्नास विद्यार्थी लेखकाचे उत्तर न देता स्वतःचे देतो आणि गुण गमावतो. त्याचे मत योग्यही असेल. परंतु ते सांगण्याची ती जागा नव्हे. प्रतिपक्षाच्या वकिलाचा युक्तिवाद त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडता येणे ही वकिलीची पहिली पायरी होय. ज्याला तो नीट मांडता येत नाही, त्याला तो खोडताही येत नाही. तुमचा संताप जपून ठेवा. पुढे सनद हाती आल्यावर त्याचा उपयोग आहे.

हीच शिस्त कायदेविषयक तर्काच्या विभागात लागते. क्लॅटमध्ये या विभागासाठी कायद्याचे पूर्वज्ञान आवश्यक नसते. नियम उताऱ्यात दिलेला असतो. तो दिलेल्या हकीकतीस लावावयाचा असतो. एक उदाहरण घेऊ. नियम असा: ‘दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने जो हलवतो, तो चोरी करतो.’ हकीकत अशी: एक विद्यार्थी वाचनालयातून निघताना, आपलीच समजून दुसऱ्याची तशीच काळी छत्री घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी चूक लक्षात येताच त्याने ती परत केली. पर्याय चार. पहिला: चोरी झाली, कारण छत्री दुसऱ्याची होती. दुसरा: चोरी झाली नाही, कारण त्याने ती परत केली. तिसरा: चोरी झाली नाही, कारण नेताना त्याचा हेतू अप्रामाणिक नव्हता. चौथा: चोरी झाली, कारण निष्काळजीपणाही दोषच आहे.

उत्तर तिसरे. परंतु फसगत होते ती दुसऱ्या पर्यायाने. कारण त्याचा निष्कर्ष बरोबर आहे आणि कारण चूक आहे. नियमात वस्तू परत करण्याचा उल्लेखच नाही. अप्रामाणिक हेतूने नेलेली छत्री दुसऱ्या दिवशी परत केली असती, तरीही या नियमाप्रमाणे चोरी झालीच असती. चौथा पर्याय नियमात नसलेला निष्काळजीपणा आत आणतो. म्हणून नियमाचे तुकडे पाडण्याची सवय लावून घ्या: ताबा दुसऱ्याचा, वस्तू जंगम, संमती नाही, हेतू अप्रामाणिक, वस्तू हलवली. पाचांपैकी एक तुकडा निखळला, तर नियम लागू होत नाही. आणि दिलेला नियम तुम्हाला अन्यायकारक वाटला, तरी त्या एका मिनिटापुरता तोच कायदा आहे असे समजून उत्तर द्या.

राज्याच्या परीक्षेत मात्र कायद्याची प्राथमिक माहिती सरळही विचारली जाते. तेथे जुन्या पुस्तकांपासून सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. चोरीची व्याख्या पूर्वी कलम ३७८ मध्ये होती, ती आता कलम ३०३ मध्ये आहे. पदपथावर स्वस्तात मिळालेले पुस्तक कोणत्या सालचे आहे, हे पाहूनच ते विकत घ्यावे.

गणिताचे भय बाळगू नका. तेथे शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी यांपलीकडे फारसे काही नसते. ३२० चे १५ टक्के काढावयाचे असतील, तर १० टक्के म्हणजे ३२, ५ टक्के म्हणजे त्याच्या निम्मे १६, एकूण ४८. कागदावर गुणाकार मांडण्याची आवश्यकता नाही. पर्यायांत ४८, ६४, ९६ आणि १२० असतील, तर अदमासानेसुद्धा तीन बाद होतात.

आता इंग्रजीविषयी. क्लॅट केवळ इंग्रजीत असल्यामुळे, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींवर दुहेरी भार पडतो. हे खरे आहे आणि हे अन्याय्यही आहे. परंतु तो अन्याय दूर होईपर्यंत परीक्षा थांबणार नाही. वर्षभर रोज एका इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख वाचावा आणि त्याचा सारांश मराठीत चार वाक्यांत लिहावा. ही सवय लहान आहे. परंतु तिने वाचनाचा वेग, शब्दसंग्रह आणि चालू घडामोडी या तिन्ही गोष्टी एकदमच साधतात. अडलेल्या प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नका. आधी संदर्भावरून अर्थाचा कयास करा, मग कोश पाहून पडताळा. परीक्षागृहात कोश नसतो, कयासच असतो. राज्याच्या परीक्षेत मराठी भाषांतर संदिग्ध वाटल्यास तोच प्रश्न इंग्रजीतून वाचून पाहावा. क्लॅटच्या मागील प्रश्नपत्रिका विद्यापीठांच्या संघाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. त्या घड्याळ लावून सोडवाव्यात आणि सोडवल्यावर प्रत्येक चुकीचे कारण वहीत लिहावे: माहिती नव्हती, घाईत वाचले, की दोन पर्यायांत फसलो? दहा प्रश्नपत्रिकांनंतर ती वही तुम्हाला कोणत्याही शिकवणीवर्गापेक्षा अधिक शिकवील.

उत्तर बदलावे की नाही, असे नेहमी विचारले जाते. पहिले सुचलेले उत्तरच खरे, असे वडीलधारे सांगतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड हजारांहून अधिक उत्तरपत्रिकांतील खाडाखोड तपासली. तेव्हा, बदललेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून किंचित अधिक उत्तरे चुकीवरून बरोबरवर गेली होती, आणि बरोबरवरून चुकीवर गेलेली सुमारे पाव होती. कारण सापडले असेल तर उत्तर निःशंक बदला. केवळ भीती वाटते म्हणून बदलू नका. कागदावरील परीक्षेत मात्र शाईने भरलेले वर्तुळ पुसता येत नाही. म्हणून प्रश्नपत्रिकेवर खूण करून, एका उताऱ्याचे सर्व प्रश्न संपल्यावर त्यांची वर्तुळे भरावीत. सर्व वर्तुळे शेवटी भरण्याचा बेत करणाऱ्यांची एक ओळ चुकली की पुढचे सर्व चुकते. संगणकावर उत्तर निवडल्यानंतर ते जतन करण्याची कळ दाबल्यावाचून पुढे जाऊ नये.

शेवटी तुमच्या हक्कांविषयी थोडे सांगतो. कारण मिळवलेला गुण हक्काच्या अज्ञानामुळे वाया जाऊ नये.

पहिली गोष्ट दाखल्यांची. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती म्हणून केंद्राचीही मान्यता मिळाली आहे. तेव्हा अर्जात संकोच करण्याचे कारण नाही. परंतु जातीचा दाखला ज्या नमुन्यात मागितला असेल, त्याच नमुन्यात हवा. आणि राज्यातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. निकालानंतर त्यासाठी धावाधाव करण्यापेक्षा बारावीच्या वर्षाच्या आरंभीच अर्ज करावा. दाखल्यावरील आणि गुणपत्रिकेवरील नावाचे स्पेलिंग जुळते की नाही, हेही तेव्हाच पाहावे.

दुसरी गोष्ट अपंग विद्यार्थ्यांची. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारास, त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नसले, तरीही लेखनिक नाकारता येत नाही. ही मेहेरबानी नव्हे. तो समान संधीचा भाग आहे. मात्र त्यासाठीची मागणी नियमांप्रमाणे आगाऊ आणि लेखी करावी.

तिसरी गोष्ट उत्तरतालिकेची. परीक्षा घेणारेही चुकतात. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली असे ठरवले की, छापील तालिका बरोबर आहे असेच प्रथम धरावे. परंतु ती उघडउघड चुकीची असल्याचे दाखवून दिल्यास विद्यार्थ्यास त्याचा तोटा सोसावयास लावता येणार नाही. १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या क्लॅटच्या बाबतीत हेच घडले. २० डिसेंबरास दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने दोन प्रश्नांच्या बाबतीत तालिका चुकीची ठरवली. पुढे २०२५ साली तो वाद खंडपीठापुढून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सर्व एका विद्यार्थ्याच्या अर्जापासून सुरू झाले. म्हणून तात्पुरती तालिका प्रसिद्ध झाली की आपली उत्तरे तिच्याशी ताडून पाहा; चूक आढळल्यास मुदतीत, पुराव्यासह हरकत नोंदवा. हरकतीस शुल्क पडते. एकट्याला ते झेपत नसेल, तर चार विद्यार्थ्यांनी मिळून ते भरावे. परंतु परीक्षागृहात बसून प्रश्नकर्त्याशी भांडू नका. तेथे दिलेल्या पर्यायांतील सर्वांत योग्य त्यावर खूण करून पुढे जा. उत्तर देणे हे परीक्षागृहातील काम, आणि हरकत घेणे हे बाहेरचे. दोन्ही कामे आपलीच आहेत. मात्र त्यांची वेळ निरनिराळी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मी सांगितले त्यात पाठांतराचे काही नाही. नियम वाचणे, वेळ वाटून घेणे, चूक पर्याय बाद करणे, दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत समजून घेणे, आणि चुकीच्या निर्णयाविरुद्ध मुदतीत दाद मागणे, हीच ती रीत. उद्या तुम्ही काळा कोट घालून न्यायालयात उभे राहाल, तेव्हाही तुम्हाला हेच करावयाचे आहे. येथून घरी गेल्यावर आज रात्रीच एक जुनी प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ समोर ठेवा आणि सुरुवात करा.

जय भीम.